बाळंत्याची खूण: नाताळचे हातचे कार्ड आणि आंधळगावचा कोसा

हाताने केलेल्या नाताळच्या भेटकार्डावर दोन कामे असतात. पहिले शुभेच्छेचे. ते कोणतेही कार्ड करते, दुकानातले छापील कार्ड तर अधिक सफाईने करते. दुसरे काम श्रद्धेच्या कबुलीचे. कार्ड करणारा नाताळबद्दल नेमके काय मानतो, हे त्याने निवडलेल्या चित्रातून, कागदातून आणि मजकुरातून दिसते, मग त्याने ते ठरवून केलेले असो वा नसो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात नाताळचा गाभा देहधारण हा आहे. देवाने माणसाचा देह घेतला, आणि तोही एका ठरावीक गावात, एका ठरावीक आईच्या पोटी, रोमन शिरगणतीच्या गडबडीत. हे खरे मानायचे तर कार्डाच्या बाबतीत जागा आणि साहित्य यांना दुय्यम लेखता येत नाही. बर्फ, सूचिपर्णी झाडे आणि घंटा लावलेल्या घसरगाड्या यांची नक्कल हाताने कितीही मेहनतीने केली, तरी त्या कार्डात देहधारणाचा विचार उतरत नाही. उलट विदर्भातल्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या मागावरून निघालेल्या कोसा रेशमाच्या चार बोटे तुकड्यात तो उतरू शकतो. हा दावा पटण्यासाठी आधी कार्डाचा इतिहास, मग प्रतिमेबद्दलचा जुना वाद आणि शेवटी त्या तुकड्याची करामत, अशा क्रमाने जावे लागते.

पहिले छापील नाताळकार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी ते चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून काढून घेतले. हजारेक प्रती शिळाछापावर छापल्या, हाताने रंगवल्या आणि एक शिलिंगाला एक अशा विकल्या. मजुराच्या मिळकतीच्या मानाने ही किंमत मोठी होती. त्या कार्डावर ना येशू होता, ना मरिया, ना गव्हाण. मधल्या चौकटीत एक सुखवस्तू कुटुंब पेले उंचावून बसलेले होते आणि त्यात एक लहान मूलही पेल्याला तोंड लावताना दाखवल्यामुळे दारूबंदीवाले खवळले. या गदारोळात बाजूच्या दोन चौकटींकडे दुर्लक्ष झाले. एकीत भुकेल्यांना अन्न दिले जात होते, दुसरीत उघड्यांना वस्त्र. मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी राजा ज्या गोष्टींचा हिशेब मागतो, त्यांतल्या या दोन आहेत. म्हणजे पहिल्याच कार्डात श्रद्धा होती, पण ती कडेला सरकलेली होती.

पुढची पन्नास वर्षे ती आणखी सरकली. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाल्याने पत्र स्वस्त झाले आणि कार्डांचा धंदा फोफावला. कार्डावरचा लाल छातीचा रॉबिन पक्षी लोकप्रिय होण्याचे एक कारण म्हणजे तेव्हाच्या टपालवाल्यांचा लाल कोट. लोक त्यांनाच रॉबिन म्हणत. बर्फही असाच आला, इंग्लंडच्या हिवाळ्यातून आणि त्या काळच्या कथाकादंबऱ्यांतून. शुभवर्तमानात बर्फ कुठेही नाही. बैल आणि गाढवसुद्धा लूकच्या वर्णनात नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या एका वचनावरून आणि नंतरच्या अप्रमाण ग्रंथांतून चित्रात शिरले. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात जिवंत जनावरे आणून गव्हाणीचा देखावा उभा केला, त्यानंतर ती हलायला तयार झाली नाहीत. त्यामुळे कार्डातल्या एखाद्या गोष्टीला बायबलमध्ये आधार आहे का, एवढ्यावर तिची परीक्षा होत नाही. गोठ्यातल्या बैलाला आधार तोकडा असला तरी तो जन्म कुठे झाला हे सांगतो. रॉबिन सांगतो ते टपाल कुणी आणले एवढेच.

विदर्भाच्या बाबतीत या इतिहासाला एक गमतीदार वळण आहे. नागपूरकडच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाची मुळे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनमध्ये आहेत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्या नावाचे कॉलेज आजही शहरात आहे, आणि भंडाऱ्यापर्यंत त्या मिशनचे काम पसरले. पण स्कॉटलंडची प्रेस्बिटेरियन परंपरा खुद्द नाताळच मानत नव्हती. तिथल्या संसदेने १६४० साली नाताळची सुट्टी रद्द केली, आणि पंचवीस डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडले. बायबलमध्ये सांगितलेला नाही तो सण पाळायचा नाही आणि उपासनेत चित्र ठेवायचे नाही, हे तिथले दोन नियम. म्हणजे विदर्भातल्या ख्रिस्ती घरांत नाताळचे कार्ड पोहोचले ते मिशनऱ्यांच्या धर्मशिकवणुकीतून कमी आणि इंग्रजी राजवटीच्या रीतिरिवाजांतून, कॅथलिक आणि अँग्लिकन शेजाऱ्यांकडून, बाजारातून जास्त. १९७० साली नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व इतर पंथ एका छत्राखाली आले. पण चित्राबद्दलचा संकोच ठरावाने जाणारा नव्हता.

त्या संकोचाला इथे आणखी एक कारण होते. मिशनऱ्यांच्या प्रवचनांचा मोठा भाग मूर्तिपूजेच्या खंडनात खर्च झाला. ज्याने घरातले देव्हारे उतरवले, नातेवाईक तोडले, त्याला भिंतीवर मरियेची तसबीर लावताना अवघडल्यासारखे होणारच. दहा आज्ञांतली कोरीव प्रतिमेची मनाई त्याच्यासाठी पुस्तकी नव्हती. तिची किंमत त्याने मोजलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या मराठी प्रॉटेस्टंट घरांत चित्राऐवजी वचनाची पाटी दिसते, ती याच कारणाने. म्हणून हातचे कार्ड करणाऱ्याने प्रतिमेच्या प्रश्नाला बगल देऊ नये.

त्या प्रश्नाचे जुने उत्तर आठव्या शतकातले आहे. बिझंटाइन सम्राटांनी चित्रे फोडायला सुरुवात केली तेव्हा दमिश्कच्या योहानाने युक्तिवाद केला की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरेच, पण तो देव दृश्य देहात आला असेल तर त्या देहाचे चित्र नाकारणे म्हणजे देह नाकारणे. जडवस्तूची पूजा करायची नाही, पण ज्या जडाच्या द्वारे तारण घडले त्याचा मान राखायचा. ७८७ साली निकायाच्या दुसऱ्या परिषदेने हाच भेद मान्य केला. प्रेस्बिटेरियन परंपरेचा गुरू कॅल्विन याला तो पटला नाही, आणि त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. भेद पंडितांना कळतो, गर्दीला कळतोच असे नाही. मात्र कार्डाच्या बाबतीत हा धोका जवळजवळ उरत नाही. कार्डापुढे कुणी उदबत्ती लावत नाही. ते हातात घेतात, उलटून पाहतात, वाचतात, कपाटावर आठ दिवस उभे ठेवतात आणि मग बायबलमध्ये खूण म्हणून घालतात किंवा रद्दीत टाकतात. ज्या प्रतिमेला शेवटी रद्दीत जायचे आहे तिच्याबद्दल मूर्तिपूजेची धास्ती कडव्या प्रेस्बिटेरियनालाही बाळगता येणार नाही. ख्रिस्ती चित्रकलेला मराठी प्रॉटेस्टंट घरात शिरायला याहून सोपे दार नव्हते, आणि नेमक्या त्याच दारातून बर्फ आत आला.

मराठी ख्रिस्ती उपासनेचे कान फार आधी मराठी झाले होते, ही यातली खरी विसंगती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले आणि त्यात बेथलेहेमची कथा मराठी ओवीत आली. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता एका परक्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या रूळमार्गावरचा प्रवास १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंत आणि पुढे अभंग, कीर्तन व पदांच्या मोठ्या ठेव्यापर्यंत पोहोचला. मंडळीत बसून टिळकांचे पद गाणाऱ्या माणसाला ते परके वाटले नाही. पण त्याच माणसाने घरी जाऊन मुलांबरोबर कार्ड रंगवायला घेतले की हात आपोआप कापूस चिकटवलेल्या छपराकडे वळायचा. गाण्यात वारकरी वळण आणि चित्रात यॉर्कशायर, हे शेजारी शेजारी नांदत राहिले.

डोळ्यांचे मराठीकरण कुणी मनावर घेतले असेल तर ते अँजेलो दा फॉन्सेका यांनी. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेला हा चित्रकार बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिकला. साडीतली, सावळी मरिया गोव्यातल्या तेव्हाच्या धर्ममंडळींना मानवली नाही, आणि फॉन्सेका पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. हा आश्रम ज्या संघाचा, त्याची सुरुवात जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२२ मध्ये केली होती. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच. १९६७ साली पुण्यातच वारेपर्यंत फॉन्सेका चित्रे काढत राहिले. जलरंगातली त्यांची मरिया युरोपीय मॅडोनाचा वेष बदलून आलेली वाटत नाही. बसण्याची ढब, पदर, मान किंचित झुकवणे, सारे इथले आहे.

तरीही फॉन्सेकांचा मार्ग जसाच्या तसा उचलून भागत नाही. कमळ, समई, आश्रमातली शांतता, गुरूसारखा पद्मासनातला ख्रिस्त ही भारतीय ख्रिस्ती कलेची ठरीव भाषा होऊन बसली, आणि तिच्यावर रास्त आक्षेप घेतला गेला. अरविंद निर्मळ या धर्मशास्त्रज्ञाने १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित धर्मशास्त्राची मांडणी सुरू केली, तेव्हा त्यांचा रोख याच गोष्टीवर होता: भारतीय ख्रिस्ती विचार संस्कृत आणि ब्राह्मणी साच्यात घडला, तर मंडळीत बसलेले बहुसंख्य लोक त्या साच्याबाहेरचे होते. आक्षेप चित्रालाही लागू पडतो. कार्डावर समई काढली म्हणजे ते ‘आपले’ झाले असे मानणारा, आपले म्हणजे नेमके कुणाचे, हा प्रश्न टाळतो. जन्म गोठ्यात झाला. पहिली बातमी मिळाली ती रात्री राखणीला बसलेल्या मेंढपाळांना. पूर्व विदर्भातल्या डिसेंबरात याचे चित्र काढायचे तर कवेलूचे छप्पर, गव्हाणीत धानाची तणस, आणि शेतात पुंजण्याजवळ शेकोटी करून जागल करणारी माणसे पुरेशी आहेत. कमळाची गरज नाही.

इथपर्यंत विचार चित्राचा झाला. हातच्या कार्डात चित्राइतकेच साहित्य बोलते, आणि आंधळगावचे महत्त्व साहित्यामुळे आहे. भंडारा जिल्ह्यातले हे गाव हातमागावर विणल्या जाणाऱ्या कोसा कापडासाठी ओळखले जाते. कोशाचा किडा रानात ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात किडे वाढवण्याचे काम पिढीजात ढीवर समाज करत आला आहे. कोष शिजवून मऊ करायचे, त्यांतून तार काढायची आणि कोष्ट्यांच्या मागावर कापड विणायचे, असा हा व्यवहार. गावाच्या या ओळखीशी ख्रिस्ती धर्माचा काहीही संबंध नाही, आणि जोडूही नये. संबंध आहे तो कापडाचा आणि नाताळच्या कथेचा.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना तारणारा कसा ओळखायचा याची खूण सांगतो. ती तारा नाही. तारा मत्तयाच्या कथेत आणि ज्ञानी लोकांसाठी आहे. मेंढपाळांना सांगितलेली खूण म्हणजे बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले मूल. कापड आणि चाऱ्याची जागा, एवढेच. बाजारातल्या बहुतेक कार्डांवर तारा चमकतो आणि बाळ मात्र उघडे, गुलाबी, फारतर कमरेला फडके असलेले असते. लूकच्या कथेतली मुख्य खूणच गायब. म्हणून कापडाचा खरा तुकडा लावलेले कार्ड ही नुसती सजावट ठरत नाही. ते कथेतली हरवलेली गोष्ट जागेवर आणते. पूर्वेकडच्या जुन्या चित्रांत बाळाला पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून दगडी गव्हाणीत असे ठेवलेले असते की ती थडग्यासारखी दिसावी. बाळंते आणि कफन एकाच कापडाचे, असा त्याचा अर्थ. लूकनेच पुढे मृत येशूला तागाच्या वस्त्रात गुंडाळल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या शतकातल्या, बायबलमध्ये न घेतलेल्या याकोबाच्या आद्यशुभवर्तमानात तर मरिया मंदिराच्या पडद्यासाठी जांभळे आणि किरमिजी सूत कातत असताना देवदूत येतो. त्यावरून पूर्वेकडच्या चित्रकारांनी शतकानुशतके तिच्या हातात चाती आणि सूत दिले. विणकरांच्या गावाजवळच्या माणसाला हे चित्र कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

प्रत्यक्ष काम पाहिले तर त्यातल्या अडचणीही बोलक्या आहेत. अर्धा कापलेला कोष पाळण्यासारखा दिसतो, म्हणून तो चिकटवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण तो टणक आणि उंच असल्याने कार्ड पाकिटात मावत नाही, आणि मावले तरी टपालाच्या शिक्क्याखाली चेपते. सपाट तुकडा बरा. त्यावर शाईने लिहू गेले तर ती पसरते. बाजारचा डिंक जास्त झाला की कापडातून वर येऊन काळपट डाग पाडतो. त्यापेक्षा विणकर ताण्याला लावतात तशी पिठाची पातळ खळ चांगली, किंवा चार टाके. कापलेल्या कडेच्या दशा सुटतात. त्या कापून काढायच्या की तशाच ठेवायच्या, हा छोटा निर्णय कार्डाचे सारे रूप बदलतो. दशा ठेवल्या तर तुकडा कापडाचाच राहतो, चित्रातला आकार होत नाही. आणि बाळंते कधीही नीट दुमडलेले नसते. रंगाचा प्रश्न कोशाने आधीच सोडवलेला आहे. त्याचा नैसर्गिक रंग मधासारखा सोनेरी असतो, आणि नाताळच्या उपासनेचे रंग पांढरा व सोनेरी. नाताळपूर्वीच्या आगमन काळाच्या चार रविवारी वेदीवर जांभळा असतो तो उतरवून हे रंग येतात. जांभळ्या कागदावर बिनरंगी कोशाचा तुकडा ठेवला की एकही रेघ न काढता तो बदल दाखवता येतो. कागद हातचा असेल तर आणखी बरे. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके झाला तो आणि पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून झालेला कागद सुती चिंध्यांच्या लगद्यातून येतो, म्हणजे कार्डाचा पायाही जुन्या वस्त्राचाच.

विदर्भाच्या करवती साडीचा काठही हाताशी आहे. त्याची दातेरी नक्षी योसेफाच्या सुतारकामाची आठवण देणारी म्हणून कुणी वापरू पाहील. कल्पना सुचायला छान आहे. पण त्याच नक्षीत विणकर देवळाची शिखरे पाहतात. दुसऱ्याच्या श्रद्धेची खूण उचलून तिच्यावर आपला अर्थ चढवणे आणि शेजाऱ्याचे कापड दाम देऊन घेणे यांत फरक आहे. साधा बिननक्षीचा कोसा पुरत असताना काठाला हात घालू नये हे उत्तम.

दामाचा मुद्दा इथे टाळता येत नाही. हातमागावरचा माल महाग म्हणून कार्डासाठी चिंध्या फुकट मागायच्या आणि कार्ड मात्र मंडळीच्या विक्रीत चढ्या किमतीला विकायचे, असा व्यवहार झाला तर हेन्री कोलच्या कार्डातली वस्त्रदानाची चौकट उलटी फिरते. ख्रिस्ती मराठी परंपरेत हस्तकौशल्य आणि रोजी यांचा संबंध जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम होते, छापखाना होता, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर तिथल्या स्त्रियांच्या हातांनी जुळवले व छापले गेले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी हातमागातच सुधारणा केल्या. या लोकांना हाताचे काम म्हणजे फुरसतीतला छंद वाटत नव्हते. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारताना बसालेल हा कारागीर देवाच्या आत्म्याने भरला होता असे म्हटले आहे, आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांचाही उल्लेख आहे. तिथे कौशल्य हेच दान आहे. त्याची मजुरी बुडवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

याच कारणाने ‘हस्तनिर्मित’ या शिक्क्यावर भिस्त ठेवणे चूक. डझनाने बनवलेली, तीच तीच सोनेरी टिकली लावलेली कार्डेही हातचीच असतात. आणि संडे स्कूलमधल्या मुलाने मेणखडूने काढलेले वेडेवाकडे कार्ड अनेकदा नीटस कार्डापेक्षा खरे असते, कारण त्यात बैल बाळाहून मोठा असतो; ज्याने गोठा पाहिला आहे त्याला बैल तसाच दिसतो. हाताने करण्याचे मोल त्यात गेलेल्या वेळात आहे, आणि तो वेळ कुणासाठी गेला यात. वीस कार्डे करणाऱ्याला वीस माणसे एकेक करून आठवावी लागतात. प्रार्थनेतही मध्यस्थीची प्रार्थना याच रीतीने, नाव घेऊन, केली जाते. कार्ड करताना ती आपोआप होते असे नाही, पण व्हायला जागा मिळते. फोनवरून एका बोटाने दोनशे जणांना गेलेल्या चित्रात ती जागा नसते.

आतला मजकूर हा शेवटचा, आणि बहुतेकांच्या हातून सर्वांत ढिसाळ होणारा भाग. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी; भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तर मूठभर. म्हणजे इथले कार्ड अनेकदा ख्रिस्ती नसलेल्या घरी जाणार: दिवाळीत फराळाचे ताट पाठवणाऱ्या शेजाऱ्याकडे, बौद्ध सहकाऱ्याकडे, ज्याच्याकडून कापड घेतले त्या विणकराकडे. तिथे दोन टोके टाळावी लागतात. एक म्हणजे धर्मांतराचे आमंत्रण वाटेल असे वचन जाड अक्षरात लिहिणे. दुसरे, कुणाला खटकू नये म्हणून ख्रिस्ताचे नावच गाळून ‘सणाच्या शुभेच्छा’ लिहिणे. दिवाळीच्या कार्डावर लक्ष्मी असते म्हणून कुणी खट्टू होत नाही. येशूचा जन्म झाला म्हणून आम्ही आनंदात आहोत आणि त्या आनंदात तुमची आठवण झाली, एवढे साध्या मराठीत लिहिले तर कबुली पुरी होते आणि समोरच्यावर काही लादले जात नाही. वचन द्यायचेच असेल तर अध्याय आणि ओवीचा आकडा मागच्या बाजूला पुरे. ज्याला वाचायचे तो शोधून वाचेल. खाली पाठवणाऱ्याचे नाव, आणि त्याशेजारी कापड कुठल्या गावचे ते.